बैलाच्या कष्टाचं नको

गोजरबाईनं चार वर्षं सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरी थापल्या, आणि त्यातला तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. नवऱ्याला वाढायची, सालदाराला वाढायची, दारावर आलेल्या जोग्याला अर्धी द्यायची. मग हात धुऊन परसातल्या दुसऱ्या चुलीपाशी जायची आणि निखाऱ्यात पुरलेलं रताळं उकरून काढायची. बाईला वेड लागलं, असं दुसरबीडच्या आजूबाजूची पाच गावं म्हणत होती. म्हणोत बापडी. वेड्या माणसाची भाकर करपते, गोजरबाईची कधी करपली नाही.

ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. नांगराखालचं धान्य नाही, हातानं खुरपून लावलेलं किंवा रानात आपोआप उगवलेलं तेवढं चालतं. एक दिवसाचा तो नेम. दुसऱ्या दिवशी बायका पारणं फेडतात आणि दुप्पट जेवतात. गोजरबाईनं पारणं फेडलंच नाही.

त्याचं कारण होतं पाखऱ्या.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. त्या साली मृगाचा पाऊस चांगला पडला आणि वाफसा आला, नेमका तेव्हाच किसनराव हिवतापानं अंथरुणाला खिळला. पेरणी काय कुणाची वाट पाहते? गोजरबाईनं पदर खोचला, सालदार सहदेवाला तिफणीवर उभं केलं आणि बी सोडायच्या चाड्यावर स्वतः मूठ धरली. जोडीतला पाखऱ्या दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हता. दुपारी त्याच्या तोंडाला फेस आला तेव्हा सहदेव म्हणाला, "वयनी, याले सोडू आता. हा काही बरा दिसून नाही राह्यला." गोजरबाईनं आभाळाकडं पाहिलं. ढग भरून येत होते. "एवढं एक तास होऊ दे," ती म्हणाली. तिफणीची ती ओळ झाल्यावर पुन्हा एक. तिसऱ्या तासाला पाखऱ्या गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला, आणि जू मानेवरून काढेपर्यंत संपला होता. शेत पेरून झालं होतं. पीकही त्या वर्षी सोन्यासारखं आलं, हेच तिला सहन झालं नाही.

कुणी तिला बोललं नाही. किसनरावानंही दोष दिला नाही. "त्याचं आयुष्य तेवढंच," म्हणाला आणि पोळ्याच्या आत दुसरा बैल आणला. पण भादव्यात ऋषिपंचमी आली, गोजरबाईनं नेहमीसारखा नेम धरला, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास हातात घेतला तसा तिला पाखऱ्याच्या तोंडाचा फेस दिसला. तिनं घास खाली ठेवला तो ठेवलाच.

नेम धरणं सोपं, निभावणं कठीण. बैल कुठं नाही? तेल घाण्याचं, घाण्याला बैल. गूळ चरकाचा, चरकाला बैल. मळ्यातली भाजी मोटेच्या पाण्यावरची, मोटेला बैल. गायीचं दूध वासराच्या वाटचं, आणि वासरू म्हणजे उद्याचा बैल. एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत गेली. मागे उरलं ते परसात खुरप्यानं लावलेलं: भोपळा, दोडकी, रताळी. पाणी स्वतः आडातून शेंदून घालायची. पावसाळ्यात तरोटा, घोळ असल्या रानभाज्या, बांधावरची कटुर्ली. थंडीत सीताफळं, बोरं. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा आणि वाळवून ठेवलेल्या भोपळ्याच्या फोडी. बकरीचं दूध चालायचं. फोडणी नाही, डाळ नाही, पीठ नाही. मीठ-मिरची आणि निखारा.

बायका चिडवायच्या. "गोजरबाई, अवं लुगडं नेसली ना, कापूस काय तुह्या बापानं दातानं नांगरला?" त्यावर ती म्हणायची, "लुगडं पोटात जात नाही, माय." एवढंच. वाद घालायची नाही. हा नेम चांगला की वाईट, देवाला पोचतो की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ज्याला आपण मारलं त्याच्या घामाचं आपण खायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

कळत नव्हतं ते एक, की हे सगळं किसनरावाला कसं लागत असेल. लग्न झाल्यापासून ती त्याचं जेवण झाल्यावर त्याच्याच ताटात वाढून घ्यायची. आता त्याचं ताट तसंच घासायला जायचं. पहिल्या वर्षी त्यानं समजावलं, दुसऱ्या वर्षी तो चिडला. "मी पिकवतो ते काय पापाचं हाये?" ताट सरकवून तो ओरडला होता. "रोज दोन टाइम मले तेच दाखवून राह्यली का तू?" ती म्हणाली, "तुमाले नाही वो. माह्यं मले हाये." पण ज्याच्या घरात बायको त्याचं धान्य खात नाही, त्या माणसाला हे किती वेळा सांगून पटणार? तिसऱ्या वर्षी तो बोलायचाच थांबला.

चौथ्या वर्षी चैत्रात देऊळगाव राजाहून निरोप आला. लेक सुभद्राला मुलगा झाला होता, बारसं होतं. किसनरावाला पाटाच्या पाण्याच्या भांडणासाठी कोर्टात तारखेला जायचं होतं, म्हणून गोजरबाई एकटी निघाली. सहदेव गाडी जुंपायला लागला, तर ती म्हणाली, "राहू दे, मी पायी जातो दुसरबीडपर्यंत. तिथून येष्टी हाये." एस.टी.वर तिचा फार जीव होता. कुणाच्या मानेवर जू न ठेवता माणसं इकडची तिकडं जातात, यापरीस मोठा चमत्कार तिनं पाहिला नव्हता. मांडीवर गाठोडं होतं: नातवासाठी झबलं-टोपडं, आणि दोन दिवसांची स्वतःची शिदोरी. भाजलेली रताळी, वाळल्या फोडी, फडक्यात बांधलेली वाळकी बोरं. शेजारच्या बाईनं धपाटा पुढं केला, तर "उपास हाये," म्हणाली. प्रवासात हे सोपं असतं. अनोळखी माणूस उपासाला मान देतं, विचारत बसत नाही. खरा घोर असतो तो नात्यातल्या घरी.

विहीणबाई शालूबाई तशी चांगली बाई. नवरा आणि मुलगा दोघंही कचेरीत कारकून, घरात सगळं नेटकं. तिनं पाटाभोवती रांगोळी काढली, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. आणि गोजरबाईनं हात जोडले.

"काऊन वो, विहीणबाई? आमच्या घरचं अन्न तुमाले चालत नाही का?"

"तसं नाही वो. माह्या नेमाचं तर तुमाले ठाऊक हाये. बैलाच्या कष्टाचं नको मले."

शालूबाईचा चेहरा उतरला. "आमी कारकुनाची माणसं. आमच्या दारात तर बैलच नाही!"

"दारात नाही, पोळीत हाये," गोजरबाई म्हणून गेली. बोलली आणि जीभ चावली. पंगतीतल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. सुभद्रा दाराआड उभी होती, तिची मान खाली गेली. बारशाच्या दिवशी आईनं सासूचं ताट परत करावं, याहून लेकीचं आणखी काय वाईट व्हायचं! गोजरबाईनं मागच्या अंगणात बसून अर्धं रताळं खाल्लं आणि उरलेलं फडक्यात बांधून ठेवलं.

संध्याकाळी पाळण्याभोवती बायका जमल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं, आणि नातू तिच्या हातात आला. केवढंसं ते पोर, पण गोजरबाईच्या हातांना ते पेलवेना. डोळ्यांपुढं अंधारी आली. सुभद्रानं झडप घालून बाळ धरलं म्हणून वाचलं. बाळ पाळण्यात गेलं आणि आजी जमिनीवर.

डॉक्टर आले, पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. "अंगात रक्तच नाही. डाळ-भाकरी खाऊ घाला, नाहीतर ही बाई दिवाळी पाहणार नाही," असं स्पष्ट सांगून गेले. औषधाची बाटली ठेवली. सगळे पांगल्यावर सुभद्रा उशाशी बसली, आणि रडली नाही, भांडली.

"माय, मेलेल्या बैलासाठी तू मरशील. माह्यासाठी जगत काऊन नाही?"

गोजरबाईनं पाळण्याकडं पाहिलं. तिला जगायचं होतं. हातातून निसटलेलं ते पोर तिला पुन्हा घ्यायचं होतं. पण भाकरी तोंडाजवळ नेली की हात थांबायचा, त्याला ती काय करणार? दुसऱ्या दिवशी ती तशीच एस.टी.त बसून परत आली.

डॉक्टरांचं बोलणं किसनरावाला जावयानं चिठ्ठीतून कळवलं. त्यानं ती दोनदा वाचली आणि टोपीत खोचली. गोजरबाईला वाटलं, आता आरडाओरडा होईल. काही झालं नाही. उलट त्या दिवसापासून तो घरात दिसेनासा झाला. पहाटे उठून माळाकडच्या तुकड्यावर जायचा, अंधार पडता यायचा. पावसाळा लागला तसा रात्री गोठ्यात झोपायला लागला. अंगातलं कुडतं पाण्यानं भिजलं तरी तिच्यासमोर काढायचा नाही. सहदेवही तिची नजर चुकवायचा. गोजरबाई समजून चुकली: माणूस कंटाळला. किती दिवस सोसणार? आता आपण गेलो तरी त्याला हायसंच वाटेल. हे तिला फार लागलं, पण बोलणार कुणाला? जातं ओढताना धाप लागायची. आषाढात ती एकदा आडाजवळ पुन्हा पडली, आणि बादली सोडून रांगत ओसरीवर आली.

श्रावण संपत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्यांना गरम पाण्यानं शेकून हळद-लोणी चोळायचं आणि कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. हे काम गोजरबाई कुणाला करू देत नसे. भिंतीला धरत धरत ती वाटी घेऊन गोठ्यात गेली. किसनराव गरम पाण्याचं घमेलं घेऊन वाकला होता, पाठ तिच्याकडं. कुडतं खुंटीवर होतं. ती आल्याचं त्याला कळलं नाही.

त्याच्या उजव्या खांद्यावर मानेपर्यंत कातडं सोललेलं होतं. काही ठिकाणी खपली, काही ठिकाणी ओलं लाल मांस, भोवती जाड काळा घट्टा. असला खांदा गोजरबाईनं जन्मभर पाहिला होता, पण माणसाचा नव्हता पाहिला.

"हे काय वो?"

तो दचकला, कुडत्याकडं हात नेला, मग खाली घेतला. "काही नाही. दोर घासला."

"कशाचा दोर?"

किसनरावानं घमेलं खाली ठेवलं. चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्याचं. शेवटी म्हणाला, "माळाचा तुकडा पेरला. जवारी. बैल नाही लावला त्यात, तुह्या गळ्याची आण. कुदळीनं खणला, तिफण मी ओढली, सहदेवानं मांगून धरली. तण काढायले डवरा बी मीच ओढून राह्यलो. कणसं काठीनं झोडू, खळ्यात बैलाची पात नाही फिरवायची. म्हणलं, दिवाळीपर्यंत निघते. मंग तरी खाशील." आणि तिच्याकडं न पाहता त्यानं विचारलं, "खाशील ना?"

गोजरबाईनं वाटी गव्हाणीच्या कडेला ठेवली. साठीला टेकलेला माणूस. पाच महिने तो घरात दिसत नव्हता, तेव्हा हे करत होता. आणि ती काय समजली होती! तिचा नेम तिच्यापुरता आहे असं चार वर्षं ती साऱ्यांना सांगत आली होती, आणि तो नेम तिकडं माळावर याच्या मानेवर बसला होता.

"सांगितलं काऊन नाही मले?"

"तू करू दिलं असतं का?"

तिनं बोटांवर हळद-लोणी घेतलं आणि त्याच्या खांद्याला लावलं. त्यानं दात आवळले. दोन्ही बैल दाव्याला उभे राहून पाहत होते. तिनं हळूहळू सगळी जखम माखली, आणि रडत रडत म्हणाली, "पाखऱ्याचं पाप माह्यं हाये. ते मी वर गेल्यावर भरीन. त्यात तुमचा खांदा नाही भरायचा मी."

मग ती घरात गेली. टोपलीत त्याच्या वाटच्या दोन भाकरी होत्या, मघा थापलेल्या. एक घेऊन ती परत आली आणि त्याच्यासमोर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली.

"डवरणी राह्यली का त्या तुकड्यात?"

"एक पाळी राह्यली."

"पोळा झाला का बैल लावा तिथं."

किसनरावानं मान वर केली. "अवं, मंग ते सारं पीक तुह्या कामाचं राहत नाही!"

"नाही राह्यलं तर नाही राह्यलं. बैल लावा म्हणलं ना."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. हात तोंडाजवळ थांबला, नेहमीसारखाच. पण समोर तो खांदा होता. तिनं तुकडा तोंडात घातला. कोरडा घास गिळवेना. तरी ती चावत राहिली, आणि किसनराव उघड्या अंगानं तिच्यासाठी पाणी आणायला उठला.