मका हलला की

पिकात शिरणारी रानडुकरं हुसकावायला गोळ्या हव्या होत्या, म्हणून मी संभाजीनगरच्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. शेजारी सिल्लोडकडचा एक म्हातारा पॉइंट टू-टू रायफलची एकेक गोळी तळहातावर घेऊन परत ठेवत होता.

“ही लई लांब जाती का?” प्रत्येक गोळीला तोच प्रश्न.

“मैलभर जाईल, काका,” दुकानदार ऐटीत म्हणाला.

म्हातारा दचकून मागं सरला. “मग नको. कमी जानारी द्या. डुक्कर शिरलं की मका हालतो, अन् आमची म्हातारी खुरपाय बसली तरी हालतोच.”

दुकानदार हसला. मी गोळ्या घेतल्या खऱ्या, पण आता मका हलला की मी आधी आईला हाक मारतो.

तिला अलीकडं कमी ऐकू येतं.