आधी दोरी सैल सोड

"मास्तर, आधी तुझी दोरी सैल सोड!" दोन कुत्री एकमेकांवर भुंकत असली तरी मावशी ओरडायची ती माणसाला.

डहाणूच्या शाळेत बदली झाली आणि मी संध्याकाळी बिस्किटला आगर गावच्या किनाऱ्यावर नेऊ लागलो. बिस्किट माझा कुत्रा. घरात सिंह, बाहेर माझ्या पायांत. दुसरं कुत्रं दिसलं की मी पट्टा आवळायचो आणि तो बोंब ठोकायचा. ही कोळीण मावशी तिथेच बोंबील वाळत घालायची. लहान-मोठ्या सगळ्यांना अरेतुरे.

"तू घाबरतोस ते दोरीतून त्याला कळतं," ती म्हणाली.

मी धीर करून पट्टा सोडला. तिच्या काळी नावाच्या कुत्रीने पुढचे पाय वाळूवर टेकले, मागची बाजू वर केली.

"बघ, विचारतेय, खेळणार का?"

बिस्किट दोन पावलं मागे सरकला आणि मग तिच्याबरोबर सुसाट सुटला!

त्या दिवसापासून रोज मास्तरांचीच शिकवणी. "पाळी बघायची. कधी हा वर, कधी ती. एकच सारखा खाली असला की थांबवायचं." मग टाळी वाजवून ती काळीला बोलवायची, धरून ठेवायची. बिस्किट आपणहून तिच्याकडे गेला तर खेळ पुन्हा सुरू. नाही गेला तर, "चला, शाळा सुटली!"

एका रविवारी एक पर्यटक दांडगा कुत्रा घेऊन आला. त्या कुत्र्याने बिस्किटला वाळूत दाबून धरलं. मालक मोबाईलवर व्हिडिओ काढत म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका, खेळतायत!" भिडेपोटी मीही हसलो.

मावशी तरातरा आली आणि रिकामी टोपली दोघांच्या मध्ये घुसवली. "तुझा खेळतोय रे बाबा. याचं खेळणं मघाशीच संपलं. शेपूट बघ त्याची, पोटाखाली गेलीय."

मालकाने मोबाईल खिशात टाकून पट्टा लावला. मावशी माझ्याकडे वळली. "आणि तू काय हसत होतास?"

मी खाली बसून बिस्किटच्या अंगावरची वाळू झटकू लागलो.

पुढे गुडघे थकले तशी ती तलासरीकडच्या झरी गावी, लेकीकडे राहायला निघाली. टेम्पोत मागे सामान आणि काळी. बिस्किट टेम्पोमागे धावत सुटला, तसं मावशीने टेम्पो थांबवला आणि काळीला खाली उतरवलं. दोघं रस्त्याकडेच्या सुरूच्या झाडांमध्ये गोल गोल पळत राहिली.

"मावशी, उशीर होतोय," ड्रायव्हर कुरकुरला.

"होऊ दे. पत्ता द्यायला यांना येत नाही. भेटून तरी घेऊ दे."

मग काळीला घेऊन टेम्पो तलासरीच्या दिशेने गेला. धापा टाकत बिस्किट माझ्या पायांवर येऊन बसला. वळणावरची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो.