पत्त्यातला स्वल्पविराम

जळगावच्या कॉम्प्युटर क्लासमधले एक सर मशीनशी नेहमी अहिराणीतच बोलत. आमच्या वधूवर मेळाव्याच्या सकाळी त्यांच्या जावास्क्रिप्टमधल्या प्रोग्रॅमने माझ्या भाचीची माहिती रकान्यांत भरताना प्रत्येक स्वल्पविरामावर तोडली. गाव होतं 'सोनगीर, ह. मु. जळगाव'. पुढचे सगळे रकाने सरकले आणि उंचीखाली 'बी.ए.' आलं.

"पोर बी.ए. उंच शे का, अक्का?"

"थट्टा पुरे! पाहुणे दारात आहेत. स्वल्पविरामच काढा."

"लोकांचं गाव आपण का कापायचं? मशीनला शिकवू."

पत्ते त्यांनी अवतरणचिन्हांत घातले, त्यांच्या आतला मजकूर तोडू नये असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं आणि पडद्याकडे पाठ करून खात्रीने म्हणाले, "तुम्हीच वाचा."

गाव, शिक्षण, उंची, मामकुळ. भाची पुन्हा भाचीसारखी दिसू लागली. मग मीच जाऊन दार उघडलं.