पंचमाला बूट पॉलिश

बयानभाऊंनी आयुष्यात कोणाला "कसे आहात?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचा हात कोनाचा?" पंखा बंद पडो, कुलूप अडको, लोणच्याला बुरशी येवो. कारखान्यात त्यांचं काम अपघातांची चौकशी करून बयानं लिहून घेण्याचं होतं. भाऊ निवृत्त झाले, त्यांची चौकशी नाही. ती सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या वाट्याला आली. "दूध उतू गेलं तरी मले बयान द्याव लागते," वहिनी म्हणायच्या. "गॅस किती वाजता लावला, मी कुठी उभी होती, साक्षीदार कोन. तोवर दुसरं दूध उतू जाते."

वाद्यं दुरुस्त करण्याचा भाऊंना जुना नाद. अख्ख्या टाउनशिपच्या पेट्या नि सतारी त्यांच्या व्हरांड्यात येत. तिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याची, म्हणजे पॉलिशच्या लाखेची, बाटली, फाटक्या धोतराचे बोळे आणि एक स्टूल असे. स्टूल आरोपीसाठी. काय सांडलं, कशानं पुसलं, पुसल्यावर वरून काय फासलं, हे कळल्याशिवाय भाऊ वाद्याला बोट लावत नसत. माणूस वैतागून म्हणे, "भाऊ, डाग समोर दिसून राहिला ना, काढा ना बापा!"

"डाग दिसते. त्याच्यावर तुमी काय काय केलं, थे नाही दिसत. भलत्यावर भलतं लागलं तं पॉलिश फुटते. मंग नाव माहं खराब."

त्या स्टुलावर एक दिवस मीही बसले. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची, म्हणजे अगदीच कोवळी होते, आणि अक्कल त्याहून कोवळी. आमच्या भजनी मंडळाच्या कुसुमताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे गेल्या आणि जाताना त्यांची पेटी माझ्याकडे ठेवून गेल्या. त्यांच्या नवऱ्याने दिलेली पेटी, पॉलिश अशी की त्यात बघून भांग पाडावा. कुसुमताई परत येईपर्यंत आपण साथीला बसायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. अडचण एकच होती. मला स्वर सापडत नव्हते. मग मी पट्ट्यांच्या मागच्या लाकडी फळीवर खुणेसाठी सात टिकल्या चिकटवल्या. सा ठसठशीत मरून, रे हिरवी, ग खड्याची. पेटी माझ्यापेक्षा नटलेली दिसायची.

मे महिना होता. उन्हाने टिकल्यांचा डिंक पाघळला. टिकल्या निघाल्या, डिंक राहिला, आणि त्यावर आमची कारखान्याची धूळ बसून सात काळी वर्तुळं उमटली. शहाणी बाई इथे थांबली असती. मी नखाने खरवडलं. मग दाराच्या रंगकामातून उरलेलं थिनर आणलं आणि पहिलाच बोळा पंचमावर फिरवला. डिंक गेला, त्याच्यासोबत पॉलिशही गेलं आणि पांढरट चट्टा पडला. संगीतात पंचमाला अचल म्हणतात. मी त्याला एका बोळ्यात हलवला. मग घाबरून त्या चट्ट्यावर आमच्या ह्यांचं ब्राउन बूट पॉलिश चोळलं. दुरून झकास दिसे. जवळ गेलं की मोचीच्या दुकानात आल्यासारखं वाटे.

त्याच संध्याकाळी कुसुमताईंचा फोन. "पेटी कशी आहे वं माही?"

गप्प बसायचं की नाही! पण माझी जीभ म्हणजे उतारावरची सायकल. "डाग पडले जी जरासे. धनेश्वरीनं पुसली वाटते कशानं तरी."

धनेश्वरी टाउनशिपबाहेरच्या खुर्सीपार वस्तीतून यायची. माझ्याकडे आणि कुसुमताईंकडे भांडी-फरशी करायची. "आल्याबरोबर काढून टाकते तिले," कुसुमताई म्हणाल्या. आणि मी, लिहिताना कान तापतायत, मी म्हटलं, "हाव, या बायांचं काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन भाऊंकडे गेले. शेवटच्या हाताचा प्रश्न आला. मी तेच उत्तर दिलं. भाऊंनी चष्मा काढला, फळी हुंगली आणि चष्मा पुन्हा लावला.

"ताई, इतक्या वर्षांत एक पाह्यलं. जो हजर नाही, त्याचं नाव पयले येते. आना तिले."

"कायले आता तिले त्रास?"

"तिनं काय लावलं थे तिलेच माहीत ना? सांगू द्या."

असा माणूस! वर्तुळं तशीच आणि कुसुमताई रविवारी येणार. पुढच्या दिवशी झक मारत धनेश्वरीला नेलं. भाऊंनी तिला स्टुलावर नाही, आपल्या खुर्चीवर बसवलं. ती कडेला टेकली आणि पदराने हात पुसत आपल्या बोलीत म्हणाली, "पेटी ला तो मैं छुए घलो नइ अंव, भैया. बाई ह मना करे हे." खरंच होतं. पेटीला शिवायचं नाही, अशी ताकीद मीच तिला दिली होती. धनेश्वरी माझ्याकडे बघत राहिली. त्या व्हरांड्यात तेव्हा एक स्टूलच रिकामं होतं. मी त्यावर बसले.

"टिकल्या माह्या," मी म्हटलं. "थिनर माहं."

"आन् बूट पॉलिश?"

"तुमाले माहीत होतं?"

"कालच वास आला."

नाकाला कळलं होतं तर तोंडाला काय झालं होतं? असा संताप आला! पण बयान मिळताच भाऊ कामाला लागले, म्हणजे मला कामाला लावलं. कापसाने प्रत्येक वर्तुळावर खोबरेल तेलाचा एकेक थेंब. मग नुसतं बसायचं. मी नख पुढे केलं की भाऊ खोकत. डिंक भिजल्यावर बोटाच्या पेराने गोल गोल फिरवला, तशा त्याच्या काळ्या वळकट्या सुटू लागल्या. मग कोरडं फडकं, मग रॉकेलचा नुसता वास लावलेलं फडकं. सहा वर्तुळं जाता दुपार गेली. पंचमावरचं बूट पॉलिश उतरवून भाऊंनी स्वतः चपड्याचे हात दिले, रोज एक, चार दिवस.

शनिवारी पेटी तयार झाली, पण सोबत कागद. "टिकल्या मी लावल्या. थिनर मी लावलं. बूट पॉलिश मी लावलं. धनेश्वरीबाईंचा पेटीला हात लागलेला नाही." खाली माझं नाव, सहीला जागा. दोन प्रती.

"भाऊ, शाळेतली पोरगी आहो का मी?"

"पेटी जाईन तं कागदासंगं जाईन."

दोन्हींवर सही केली. रविवारी कुसुमताई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. कागद दिला, तर म्हणाल्या, "माह्या डोळ्यात थेंब घातले आहे, तूच वाच." आणि मी माझा कबुलीजबाब मोठ्याने वाचला! धनेश्वरीचं तिथलं काम टिकलं. माझ्या दारात येऊन मात्र तिने सांगितलं, "अब तुँहर घर नइ आवंव, बाई."

मी तणतणत भाऊंकडे गेले. "तुमच्या चौकशीपायी माही बाई गेली!"

"डिंक काढून देतो मी, ताई," भाऊ बोळे पिळत म्हणाले. "हे माह्याच्यानं होत नाही."

पुढे ते मुलाकडे पुण्याला गेले. दोन वर्षांपूर्वी सुमनवहिनींचा फोन आला, भाऊ वारले. मी विचारलं, कसे गेले? वहिनी रडता रडता म्हणाल्या, "झोपीत. चौकशीले काही जागाच नाही ठेवली बापा." आम्ही दोघी फोनवर हसलो.

भाऊ गेले म्हणून आता त्यांच्याशी भांडताही येत नाही. नाहीतर परवाच भांडले असते. शेजारच्या सेक्टरात नवं बिऱ्हाड आलंय, तिथे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या तरुण सुनेने माझं नाव ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. "आजी, वो बूट पॉलिश वाली आप ही हैं क्या?" मी चमकले. ती आत जाऊन एक लॅमिनेशन केलेला कागद घेऊन आली. दुसरी प्रत भाऊंनी धनेश्वरीला दिली होती! इतकी वर्षं ती नव्या घरी काम धरताना तोच कागद पुढे करते. आता तिची लेकही करते, कालच इथे काम मागायला आली तेव्हा ठेवून गेली होती. म्हणजे सेक्टरांपासून खुर्सीपारपर्यंत माझी अब्रू प्लास्टिकमध्ये मढवून फिरतेय, आणि मला पत्ता नाही.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. अक्षरं थोडी उडाली होती, वाचता येत होती.

"हाव," मी म्हटलं, "सही माहीच आहे. ठेवा त्या पोरीले."