झुंबरबाईंचं धुतलेलं लुगडं

झुंबरबाई देवगाव फाट्यावर वाळकं, म्हणजे गावरान काकड्या, विकत. गिऱ्हाईक वाळूक नखानं टोचून बघायला लागलं की म्हणत, "बाबा, सोयरीक न्हाई करायची त्याच्यासंगं, खायचंय." अख्खा फाटा हसायचा आणि टोपली रिकामी व्हायची.

गेल्या पोळ्याच्या आधी फाट्यावर पीकविम्यासाठी रास्ता रोको झाला. दगड आले, पोलिसांनी प्लास्टिकच्या गोळ्या झाडल्या. झुंबरबाई टोपली उचलून पळायच्या बेतात होत्या. एक गोळी डाव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला तो गेलाच.

पोलीस म्हणाले, गोळ्या लांबून, पायांवर मारल्या. बाईंना लागली ती उसळून. बाई म्हणाल्या, "टोपलीच्या पल्याड हुबा होता. मिशीतला पांढरा केस दिसला मला."

खोटं कोण, हे त्यांच्या अंगावरचं लुगडं सांगू शकलं असतं. अगदी जवळून झाडलं की बंदुकीची काजळी कपड्यावर, डोक्यावरच्या पदरावरही बसते. प्रयोगशाळेत तशाच गोळ्या वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर झाडून डाग ताडून बघतात.

पण लुगडं मागायला पोलिसांचा माणूस आला कधी? दिवाळी झाल्यावर! पंचनाम्यात यांनी टोपली लिहिली, सांडलेली वाळकं लिहिली, लुगडं तेवढं नाही. दवाखान्यातही कुणी 'जपून ठेवा' म्हणालं नाही. मध्ये नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातली चिंधीसुद्धा धुतात. सून शिवकन्येनं गोधड्यांबरोबर तेही ओढ्यावर नेलं आणि डाग निघेपर्यंत आपटलं.

अहवाल आला: कापड धुतलेलं असल्यानं अंतर सांगता येत नाही. वर आणखी एक ओळ, की नेमून दिलेल्या अंतरावरून ही गोळी जिवावर बेतत नाही. अरे, वाद अंतराचाच आहे ना? मग नेमून दिलेलं अंतर कुणाला सांगता? तो कागद वाचून माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर नाही.

सेलूला चौकशी होती. शेजारी म्हणून मी सोबत गेलो. साहेब म्हणाले, "बाई, पुरावा तर तुम्हीच धुऊन टाकला."

शिवकन्या तिथंच रडायला लागली. झुंबरबाईंनी तिला मागं सारलं, तोंडावरचा पदर काढला आणि टेबलावर वाकल्या.

"साहेब, गोळी लुगड्याला न्हाई लागली, मला लागली. ह्ये कुनी धुतलं न्हाई. घ्या तपासून."

साहेबांनी कागदात तोंड घातलं. बाई तशाच वाकून राहिल्या.