चाकामागचा दगड

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, मुलाला नाही. देवासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हाही मी दुसरंच काहीतरी बोलतो — पाऊसपाण्याचं, तब्येतीचं. तुमची माझी ओळख नाही, म्हणून थोडा धीर होतोय. ओळख असती तर तुम्हीही मला ‘फौजी’ म्हणून हाक मारली असती, आणि मी पुन्हा गप्प बसलो असतो.

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा उसाला पाणी कुठवर गेलंय ते बघून आलो — पाण्याचं सगळं मुलगा बघतो, मला जायचं काही कारण नव्हतं. एकदा मोटरसायकल पुसली, ती काल पुसलेली होती. असं टाळायला मी फार हुशार आहे. आता बसलोय.

आधी हे ‘फौजी’ प्रकरण सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सतरा वर्षं मिलिटरीत होतो, हे खरं आहे. पण तिथं मी स्वयंपाकी होतो. लांगरी म्हणतात आम्हाला. बर्फाच्या ठिकाणी पहाटे उठून स्टोव्ह पेटवायचा आणि दीडशे माणसांच्या पुऱ्या तळायच्या. माझी डाळ खाऊन एक साहेब उठून स्वयंपाकघरात आले होते आणि त्यांनी माझी पाठ थोपटली होती. यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण उंब्रजजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. कुणी तोफेवर, कुणी सीमेवर. तिथं पारावर बसून ‘मी पुऱ्या तळतो’ म्हणायची माझी छाती झाली नाही.

मुलगी बघायला आम्ही कवठे महांकाळकडच्या एका गावात गेलो होतो. सासऱ्यांनी विचारलं, “तिकडं काय काम असतंय?” मी तोंड उघडायच्या आत माझा चुलता बोलून गेला, “डायवर हाय. डोंगरात मोठ्या गाड्या चालवतोय.” मी खाली बघत राहिलो. पोह्यांची बशी हातात होती, ती नुसती फिरवत बसलो. खोटं चुलता बोलला, हे मी मनाला कितीदा सांगितलंय! पण ते पोसलं कुणी? पुढच्या सुट्टीत मीच एका दरीची गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्या सुट्टीत दरी आणखी खोल झाली. ज्यानं खरंच त्या वाटेवर गाडी चालवली तो आमचा एक तोंडाळ तमिळ ड्रायव्हर होता, आणि मी मागे भांड्यांजवळ उलट्या करत बसलो होतो.

माझ्या घरात मी कधी चहासुद्धा केला नाही. कणकेला हात लावला आणि हात सराईत दिसला तर? शालन, म्हणजे माझी बायको, एकदा तापानं फणफणली होती. दोन दिवस मी पोरांना दुकानातला पाव खायला घातला. तिला वाटतं, मिलिटरीचा गडी आहे, ह्यांना कुठलं चूल-पोतेरं जमायचं. हसते बिचारी. मला तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आता संपत. शालनचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. त्यांचं रान कोरडवाहू, पण संपतनं जिद्दीनं द्राक्षबाग उभी केली. बाग ओढ्यापलीकडे, वाट चिखलाची आणि दगडाची, म्हणून त्यानं चारही चाकं ओढणारी नवी गाडी घेतली. तिकडच्या लोकांची एक रीत आहे. बैल असो, ट्रॅक्टर असो, नवं आलं की कामाला जुंपायच्या आधी डोंगरावरच्या देवाला न्यायचं. आणि त्या पहिल्या फेरीचा कासरा जावयाच्या हातात द्यायचा. तो जावयाचा मान. संपतचा फोन आला, “दाजी, तुमच्याबिगर चाक हलायचं न्हाई.”

तेव्हा तरी नाही म्हणायचं होतं की नाही? कंबर दुखतेय म्हणायचं, नात आजारी आहे म्हणायचं. खोटं तर मला येतच होतं! पण मी शालनला घेऊन गेलो. शिवाय वाटेत कोरेगावच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून ऐटीत सांगितलं की मेहुण्याची गाडी डोंगरावर चढवायला चाललोय. फौजेतून आल्यावर कराडला एका क्लासमध्ये मी छोटी कार शिकलो होतो. हायवेनं साताऱ्याला जायचं आणि हायवेनं परत यायचं. याच्यापलीकडे माझं ड्रायव्हिंग नव्हतं.

रविवारची सकाळ होती. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. बायका नैवेद्य घेऊन, पोरंसोरं उड्या मारत, सगळे पायवाटेनं पुढे गेले. गाडीत संपत आणि मी, दोघंच. बाकीच्यांना मीच बसू दिलं नाही. म्हटलं, वजन नको. खरं कारण भीती होती. डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीची वाट, आणि त्याच्यापुढे वाट अशी नाहीच — सुटा मुरूम, मधे मधे डोकं वर काढलेले धोंडे, आणि चढ.

त्या गाडीत गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक दांडी होती, बुटकी. ती कशासाठी, कधी ओढायची, मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. संपतला माहीत होतं. शोरूमवाल्यांनी त्याला शेजारी बसवून दोनदा दाखवलं होतं. तो सांगत होता तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. ऐकलं असतं तर मला येत नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

निम्म्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम उडत होता, गाडी तिथंच. मी आणखी जोर दिला, गाडी दरीकडच्या कडेला घसरली आणि बंद पडली. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. संपत अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, “दाजी, ती धाकली दांडी मागं वढा. मग चढंल बगा.”

मी त्याच्यावर ओरडलो. “मला शिकवतोस व्हय रं? उतर खाली. मागच्या चाकाला दगड लाव.”

तो लगेच उतरला. चढावर गाडी थांबली की मागे दगड लावायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं, त्यात काही चुकीचं नव्हतं. तो मागे गेला आणि मी गुपचूप ती बुटकी दांडी ओढली. ती हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा ती निम्म्यात येऊन अडकली. मला वाटलं, झालं. ती निम्म्यात राहिली की इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो — हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी एका मेकॅनिककडून कळलं, आणि तेही मी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून विचारलं होतं. माझ्या छोट्या कारचं ज्ञान एवढंच, की गाडी पहिल्या गिअरमध्ये असली म्हणजे जागची हलत नाही. गिअर पहिलाच होता. हँडब्रेक मी ओढला नव्हता. मी ब्रेकवरचा पाय काढला.

गाडी मागे गेली. मी घाबरून पाय दाबला तो क्लचवर. एक धक्का बसला, मग दुसरा. दुसरा धक्का मऊ होता. गाडी मागच्या धोंड्याला टेकून थांबली.

संपत एकदाच ओरडला, नंतर ओरडला नाही. उजवा पाय घोट्यापाशी — नाही, ते मी लिहिणार नाही. माझा टॉवेल मी त्याला बांधला, तो चांगला बांधला. वरून त्याचे दोन चुलतभाऊ पळत आले. आणि आता ऐका, कारण इथपर्यंतचं सगळं एखाद्या अडाण्याची चूक म्हणून खपून गेलं असतं. त्या दोघांनी मला काही विचारलं नव्हतं. अजून त्यांनी दमसुद्धा घेतला नव्हता. मीच बोललो. म्हणालो, “ह्याला किती वेळा सांगितलं दगड नीट लाव म्हणून. दगड कच्चा बसला, आन् गाडी सुटली.”

संपतनं ते ऐकलं. डोळे मिटलेले होते, पण त्यानं मान हलवली. “व्हय,” म्हणाला, “माझाच दगड चुकला.”

त्याला खरंच तसं वाटलं. का वाटणार नाही? बर्फाच्या दऱ्यांतून गाड्या काढलेला माणूस सांगत होता. त्याच्यापुढे द्राक्षवाल्या संपतच्या दगडाची काय किंमत?

मिरजेला तीन ऑपरेशनं झाली. पाय राहिला, पण घोटा वळत नाही. काठी आली. बागेत दिवसभर ओळीओळीनं चालणारा माणूस आता बांधावर खुर्ची टाकून बसतो आणि गड्यांना हाका मारतो. गाडी त्यानं त्याच वर्षी विकली. म्हणाला, देवाला आवडली नाही. डोंगरावर तो पुन्हा गेला नाही, खालूनच हात जोडतो. शालन तर भावाला अजून बोलते. माझ्यादेखत बोलते — ह्यांचं नीट ऐकलं असतंस तर ही पाळी आली नसती. तो ओशाळं हसतो. मी तेव्हा तिथं बसलेला असतो. भाकरी खात असतो. गळ्याखाली उतरते बरं का, मला कधी घास अडकला नाही. मीही वाट बघायचो की अडकेल.

आणि सोयऱ्याधायऱ्यांत माझं नाव झालं. दाजी होते म्हणून गाडी धोंड्यावर टेकवली, न्हाईतर संपत दरीतच जायचा. हे कोण सांगतं? संपत सांगतो. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर माझा हात धरून मलाच म्हणाला, “माझ्यापायी तुमाला लय तरास झाला, दाजी.” मी म्हणालो, “असू दे रं.”

असू दे रं! हे तीन शब्द मला सगळ्यात जास्त टोचतात. मी त्याला माफ केलं होतं.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला आम्ही सगळे भाड्याच्या गाडीनं सांगलीला गेलो. दुकानासमोर गाडी उभी राहिली. सांगलीतला तो रस्ता, तुम्हाला माहीतच असेल, तव्यासारखा सपाट. सगळे उतरून दुकानात शिरले. संपत मागे राहिला. बघतो तर काठी टेकत तो गटाराच्या कडेनं दगड शोधत होता. एक विटेचा तुकडा सापडला तो त्यानं वाकून — त्याला वाकायला किती वेळ लागतो! — मागच्या चाकाला लावला, हातानं हलवून पाहिला, पुन्हा लावला. ड्रायव्हर हसत होता. संपतची मुलगी मला म्हणाली की आप्पा कुठंही गेले तरी हे करतातच, आता आम्ही काही बोलत नाही. संपतनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एखाद्या पोरानं मास्तरांना पाटी दाखवावी तसं बघितलं. म्हणाला, “बसला बगा दाजी. आता नीट बसला.”

मी म्हणालो, “बसला.”

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून हे लिहिलं. पण अजून एक राहिलंय, आणि ते वगळून कागद घडी करायचा माझा विचार होता. मघाशी मी उठून गेलो होतो तो त्यासाठीच.

मी वर लिहिलं की मला वाटलं गाडी हलणार नाही, म्हणून मी पाय काढला. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मी पाय काढायच्या आधी संपत मागून ओरडला होता. “दाजी, थांबा! अजून बसला न्हाई!” इंजिन बंद होतं, वारा नव्हता. त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. मी थांबू शकत होतो. पाय ब्रेकवरच होता, नुसता तिथंच ठेवायचा होता. पण माझ्या मनात आलं — हा मला सांगणार? चढावर कधी थांबायचं ते हा मला सांगणार? तो थांबा म्हणाला, म्हणूनच मी पाय काढला.