पाहिला, ऐकला, वाचला : भुवड सरांच्या वह्या

आदरणीय यशवंत भुवड सरांची आणि माझी ओळख रत्नागिरीतल्या एका वाचनालयात झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुपारच्या वेळात तिथे मदतनीस म्हणून काम करत होते. सर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मागायला आले होते. भारताच्या युवा फुटबॉल संघाने परदेशात खेळलेल्या सामन्यांच्या बातम्या त्यांना हव्या होत्या. गठ्ठे माळ्यावर होते आणि त्यांच्यावर बोटभर धूळ होती. मी जरा कंटाळूनच म्हटले, "सर, आपला संघ एवढा जिंकतो कुठे?"

"म्हणून तर लिहून ठेवायचं," सर म्हणाले. "जिंकलेल्यांचं लिहायला पुष्कळ जण आहेत. शिडी कुठाय? मी धरतो, तू चढ."

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहशिक्षकांनी लिहावे हे साहजिकच आहे. मी मात्र त्यांच्या वर्गात कधी बसलेले नाही. काचबिंदूमुळे सरांना बारीक अक्षर दिसेनासे झाले, तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या वह्यांची स्वच्छ प्रत मी करते, एवढाच माझा अधिकार.

सरांनी उभी हयात माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण आणि भूगोल शिकवला. त्याच काळात ते या वह्या लिहीत होते, हे त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसेल. पुठ्ठ्याच्या बांधणीच्या लांबट वह्या, आणि प्रत्येक सामन्याला एक पान. स्पर्धा, गाव, समोरचा देश, मैदानात उतरलेल्या खेळाडूंची नावे, गोल कुणी केले, कसे झाले. पानाच्या तळाशी तीनपैकी एक शब्द : पाहिला, ऐकला किंवा वाचला. म्हणजे ही माहिती सरांकडे कशी आली, त्याची ती खूण. ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लिहायची नाही, हा सरांचा नियम. एकदा माझ्याकडून नक्कल करताना 'ऐकला'चे 'पाहिला' झाले. सरांनी ते पान पुन्हा लिहायला लावले. मी म्हटले, "एका शब्दाने काय बिघडतं, सर?" सर म्हणाले, "शब्द एकच असतो गो. बिघडतं ते त्याच्यामुळेच."

या वह्यांत आनंदाची पाने थोडी आहेत. आशियाई युवा स्पर्धेत आपण इराणबरोबर संयुक्त विजेते ठरलो होतो, ते एक. पुढे सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्याच देशात भरली आणि तिथे आपल्या संघाने पहिला गोल केला, ते दुसरे. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर आपल्या मुलाने डोके लावले आणि बरोबरी झाली. पुढच्याच मिनिटाला समोरच्यांनी गोल करून सामना नेला. सरांनी दोन्ही गोल सारख्याच अक्षरात, सारख्याच तपशिलाने लिहिले आहेत. वाचनालयात पेपर वाचणारी मंडळी त्यांना चिडवायची, "काय सर, तुमचा भारत परत हरला!" सर चष्मा पुसत म्हणायचे, "आपला हरला, मेल्यांनो. माझा एकट्याचा केव्हापासनं झाला?"

मला स्वतःला सगळ्यात मोलाचे वाटते ते मुलींच्या संघाचे पान. त्यांची जागतिक स्पर्धाही आपल्याकडे झाली. पहिल्याच सामन्यात आपल्या मुलींवर आठ गोल झाले. असा सामना कुणीही दोन ओळींत उरकला असता. सरांनी मैदानात उतरलेल्या प्रत्येक मुलीचे नाव लिहिले, आणि बातम्यांतून मिळाले तिथे तिचे गावही. कितीतरी जणी खेड्यांतून, शेतमजुरी करणाऱ्या घरांतून आलेल्या. ती गावे लिहिताना मला माझे गाव आठवत होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. पोहोचणाऱ्याला वाटेत काय काय पार करावे लागते, हे निकालाच्या आकड्यात दिसत नाही. सरांच्या पानावर ते दिसते.

सरांच्या मायेचा अनुभव मीही घेतला आहे. पदवी झाल्यावर घरातून लग्नाची घाई सुरू झाली. मला ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम करायचा होता. बाबा मुंबईला कंपनीत असतात, ते शिमग्याला गावी आले होते. मी सरांकडे फक्त एवढेच बोलले होते की, आता रविवारी येणे जमेलसे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सर एसटीने हातखंब्याच्या तिठ्यावर उतरले आणि तिथून रिक्षा करून आमच्या अंगणात हजर झाले. बाबांनी खुर्ची दिली आणि विचारले, "सर, पोरगी तुमच्याकडे करते तरी काय? बॉल खेळते?"

"नाय ओ," सर म्हणाले. "माझ्या चुका काढते. मास्तराच्या चुका काढणारी पोर दोन वर्षं आणखी शिकली, तर तुमचं काय जाईल?"

बाबा हसले. आई आतून म्हणाली, "घरात पण तेच करते ती." त्या दिवशी लग्नाचा विषय निघाला नाही. पुढेही बरेच दिवस निघाला नाही. माझा अभ्यासक्रम यंदा पूर्ण झाला.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिण्याआधी मी पुष्कळ दिवस विचार केला.

सर तरुणपणी काकांकडे मुंबईला शिकत होते, तेव्हा गोलकीपर म्हणून त्यांची भारताच्या युवा संघात निवड झाली आणि संघाबरोबर ते परदेशी स्पर्धेला गेले. हे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो की गावातली स्पर्धा, सरांची ओळख 'भारताकडून खेळलेले' अशीच करून दिली जाते. यंदाच्या सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेच्या कच्च्या प्रतीतही तेच छापले होते. सरांच्या वह्या पुस्तकरूपाने याच समारंभात प्रसिद्ध व्हायच्या आहेत, म्हणून मी शेवटची तपासणी करत होते. त्या जुन्या स्पर्धेची तीनही पाने मी पहिल्यांदाच लक्षपूर्वक वाचली. मैदानात उतरलेल्यांत सरांचे नाव कुठेच नव्हते. खाली शब्द होता : पाहिला.

मला वाटले, सरांच्या हातून चूक झाली. मी म्हटले, "सर, इथे 'पाहिला' कसं? तुम्ही तर खेळलात ना?"

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, घावने घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"बाकावरनं पाहिला," सर म्हणाले. "तिन्ही सामने. मी राखीव होतो. एक मिनिटही मैदानात उतरलो नाय."

"पण सगळे तर..."

"पहिल्यांदा कुणीतरी माईकवर बोललं, तेव्हा मी उठून सांगितलं. लोकांना वाटलं, सर किती विनयशील! आणखी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हापण तसंच. मग मी सांगायचं सोडलं. ते माझं चुकलं, गो. जन्मभर मुलांना खरं लिहा म्हणून सांगितलं, आणि हार गळ्यात घालून घेत राहिलो."

काकू म्हणाल्या, "मी म्हटलं होतं यांना, कुणी विचारत नाय तर कशाला बोलायचं. माझीपण चूक आहे त्यात."

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. निमंत्रणपत्रिका बदलायची, नाहीतर आपण समारंभाला येणार नाही. आणि हे सगळे गौरवग्रंथात मी लिहायचे. समितीचे प्रमुख सुरेशदादा सरांचेच विद्यार्थी. ते मला म्हणाले, "अगं, पंचाहत्तरीला हे कशाला उकरायचं? कुणाचं काय नुकसान झालंय?" मी त्यांना सरांच्या वहीतले ते पान दाखवले. ते पाहून दादा म्हणाले, "ज्या माणसाने स्वतःच्या पानावरसुद्धा खोटं लिहिलं नाही, त्याची पत्रिका मी खोटी छापू?" पत्रिका बदलली. आपल्या हाती आलेल्या पत्रिकेत 'भारतीय युवा संघाचे राखीव गोलरक्षक' असे शब्द आहेत. ती छपाईची चूक नव्हे.

पण माझे समाधान झाले नव्हते. पुढच्या रविवारी मी सरांना विचारले, "वहीत फक्त मैदानात उतरलेल्यांचीच नावं का? बाकावर बसलेले त्या संघात नव्हते का?" सर म्हणाले, "मग मला माझं नाव लिहावं लागलं असतं. ते टाळायला मी सगळ्यांचीच गाळली." मग वहीवर हात ठेवून म्हणाले, "त्यांच्यावर अन्यायच केला मी. पण आता ती नावं मिळवायची, म्हणजे परत पहिल्या पानापासनं सुरुवात."

"मग करूया," मी म्हटले.

वह्यांच्या पुस्तकाचे प्रकाशन त्यासाठी पुढे ढकलले आहे. समारंभात ते पुस्तक नसेल, याचे कारण हे आहे. आम्ही जुन्या खेळाडूंचे पत्ते शोधतो, सर मजकूर सांगतात, मी पत्र लिहिते. सुरुवात सरांनी स्वतःच्या स्पर्धेपासून केली. इतर राखीव मुलांची नावे त्यांनी एकेक आठवून सांगितली. ती लिहून झाल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "लिही, यशवंत भुवड," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

गेल्या महिन्यात पहिले उत्तर आले. दूरच्या राज्यातले एक वृद्ध गृहस्थ, सरांच्याही आधीच्या संघातले. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी लिहिले होते की, मी संघाबरोबर गेलो होतो हे घरातही आता कुणाला खरे वाटत नाही. आपण विचारलेत, म्हणून आज नातवंडांना आपले पत्र वाचून दाखवले. सरांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग काकूंना हाक मारली आणि तिसऱ्यांदा वाचायला सांगितले.

अशी अजून कितीतरी नावे मिळायची आहेत. काही माणसे दूर आहेत, काही फार थकली आहेत, आणि त्यांना ओळखू शकतील असे सरांखेरीज फार थोडे उरले आहेत. म्हणून सर, तुमच्या डोळ्यांचे थेंब वेळच्या वेळी घ्या, काकूंचे ऐका आणि प्रकृतीला जपा. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, असे मी मनापासून मागते. या मागण्यात बाकावर बसून राहिलेली, अजून नाव न मिळालेली ती सगळी मुलेही माझ्याबरोबर आहेत.